याकोव्ह आगाम आणि त्यांची बदलती चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगाम यांच्याबद्दलचे प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. काही जण तेल अवीव किंवा न्यूयॉर्कला जाऊन आलेले असतात आणि तिथे पाहिलेलं ते रंगीत काय होतं, असं विचारतात. बाकीच्यांना शाळेच्या प्रकल्पासाठी उद्या सकाळपर्यंत काहीतरी करून द्यायचं असतं. दोघांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घाईत असाल तर थेट प्रश्न 8 वर जा.

1. याकोव्ह आगाम म्हणजे कोण? थोडक्यात सांगा.

इस्रायली चित्रकार आणि शिल्पकार. जन्म 11 मे 1928 चा, तेल अवीवच्या दक्षिणेला असलेल्या रिशोन लेत्सियोन गावातला. तेव्हा तो भाग ब्रिटिशांच्या ताब्यातलं पॅलेस्टाईन होता. घराण्याचं आडनाव गिबश्टाइन, 'आगाम' हे पुढे घेतलेलं. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते आणि ज्यू गूढविद्येचे, म्हणजे कबालाचे अभ्यासक होते. 1951 मध्ये आगाम पॅरिसला गेले आणि कारकीर्द तिथेच घडली. हलणाऱ्या, बदलणाऱ्या कलेला कायनेटिक आर्ट म्हणतात. ती उभी करणाऱ्या पहिल्या फळीत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या चित्रासमोर नुसतं उभं राहून भागत नाही, चालावं लागतं.

2. एवढे भडक रंग आहेत, म्हणजे हे पॉप आर्टच ना?

नाही. पॉप आर्ट आणि ऑप आर्ट यांची गल्लत बरेच जण करतात. दोन्ही 1960 च्या दशकात गाजल्या, म्हणून पुस्तकांत त्या शेजारी-शेजारी छापल्या जातात. पॉपवाल्यांनी आपला ऐवज बाजारातून उचलला: सूपचे पत्र्याचे डबे, कॉमिक्सची चौकट, सिनेनट्यांचे चेहरे. वॉरहॉल आणि लिकटेन्स्टाइन त्यातले. ऑपवाल्यांना वस्तूशी देणंघेणं नव्हतं. रेघा आणि रंग असे मांडायचे की सपाट कागद डोळ्याला हलल्यासारखा वाटावा, हा त्यांचा उद्योग. वासारेली, ब्रिजेट रायली ही त्यातली मोठी नावं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1965 मध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' हे ऑपचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात आगामही होते.

पण आगाम ऑपमध्येही पुरते बसत नाहीत. वासारेलीच्या चित्रात तुम्ही जागेवर थांबता आणि डोळा फसतो. आगाम यांच्या चित्रात डोळा फसत नाही. तुम्ही जागा बदलता आणि समोरचं चित्र खरोखरच वेगळं होतं (कसं, ते प्रश्न 6 मध्ये).

तरीही लोकांना ते पॉप वाटतात, यात लोकांची फारशी चूक नाही. पुढे त्यांनी हॉटेलच्या भिंती रंगवल्या, चौकात कारंजी उभारली, सहीची प्रिंटं काढून घराघरांत पाठवली. पॉपवाले बाजारातून गॅलरीत शिरले, आगाम गॅलरीतून बाजारात उतरले.

3. रंगीत पत्र्याची फुलपाखरं आणि सायकलस्वार करतात, ते हेच का?

नव्हे. ते डेव्हिड गेर्स्टाइन, जन्म 1944, जेरुसलेम. कापलेल्या धातूच्या पत्र्यांचे एकावर एक थर लावून रंगवलेली शिल्पं ही त्यांची खूण. त्यांच्या कामात पॉपची छाप स्पष्ट दिसते. साधी खूण लक्षात ठेवा: फुलपाखरू, सायकल, माणसांची गर्दी असं काही ओळखू आलं तर गेर्स्टाइन, आणि पट्टे, चौकोन, त्रिकोण यांखेरीज काहीच ओळखू आलं नाही तर बहुधा आगाम.

4. शिक्षण कुठे झालं? आणि पॅरिसच का?

सुरुवात जेरुसलेमच्या बेत्सालेल कलाशाळेत, मोर्दखाय आर्दोन यांच्या हाताखाली. 1949 मध्ये झुरिक. तिथे योहानेस इटन शिकवत होते, जर्मनीतल्या बाउहाउस शाळेचे पूर्वीचे शिक्षक आणि रंगशास्त्रातला मोठा माणूस. कुठल्या रंगाशेजारी कुठला ठेवला की तो पुढे येतो, कुठला मागे सरतो, हे आगाम यांच्या कामात पुढे पन्नास वर्षं दिसत राहिलं, त्याचं मूळ या वर्गात आहे. नंतर पॅरिस, कारण त्या काळी अमूर्त कला करणाऱ्या तरुणाला गॅलरी, समीक्षक आणि सोबती असे तिन्ही मिळतील असं युरोपातलं ठिकाण तेच होतं. 1953 मध्ये तिथल्या गॅलरी क्रावेनमध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं. त्यातली काही चित्रं बघणाऱ्याने हाताने बदलायची होती, तुकडे सरकवून, फिरवून. चित्राला हात लावू नका अशी पाटी असायच्या काळात ही जरा आगाऊ गोष्टच होती.

5. 1955 च्या प्रदर्शनाचा उल्लेख सगळीकडे येतो. त्यात असं काय होतं?

पॅरिसच्या डनीज रने गॅलरीत 'ल मूव्हमाँ' नावाने ते भरलं. मार्सेल द्युशाँ आणि अलेक्झांडर काल्डर ही बुजुर्ग मंडळी, सोबत वासारेली, आणि त्यांच्या शेजारी तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नसलेले तरुण: टिंगेली, सोतो, बुरी आणि आगाम. कायनेटिक आर्टचा जन्म या प्रदर्शनापासून मोजायची पद्धत आहे. आगाम तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आठ वर्षांनी, 1963 मध्ये, साओ पावलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांना कलासंशोधनासाठी बक्षीस मिळालं. 'संशोधन' हा शब्द त्यांना शोभतो. त्यांची त्या वेळची कामं प्रयोगशाळेतून आल्यासारखीच वाटतात.

6. चित्र बदलतं म्हणजे नेमकं काय होतं? आत मोटार असते का?

बहुतेक चित्रांत मोटार नाही, वीज नाही, पडदा नाही. पृष्ठभाग सपाट नसतो, एवढंच. पत्र्याच्या छपराला पन्हळ असते तशा उभ्या, धारदार त्रिकोणी घड्या चित्रभर असतात. प्रत्येक घडीला दोन उतार, एक डावीकडे तोंड केलेला, एक उजवीकडे. सगळ्या डाव्या उतारांवर मिळून एक चित्र आणि सगळ्या उजव्यांवर मिळून दुसरं. डावीकडून पाहिलं की पहिलं चित्र सलग दिसतं, उजवीकडून दुसरं.

इथवरची युक्ती कुणालाही जमेल. आगाम यांची करामत मधल्या जागेत आहे. समोर उभं राहिलं की दोन्ही चित्रांच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात, आणि त्या मिसळण्यातून तिसरी रचना उभी राहील अशा बेताने त्यांनी मूळची दोन आखलेली असतात. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं 1964 चं 'डबल मेटामॉर्फसिस 2' घ्या. अॅल्युमिनियमवर तैलरंग, उंची सुमारे पावणेतीन मीटर, रुंदी चार मीटर. त्याच्यापुढून सावकाश चालत गेलं तर एका टोकाची रचना पावलागणिक विरघळत जाते, काळ्या रेघांमधून भलतेच रंग डोकावू लागतात, मध्यावर दोन्हींचा मेळ बसतो, आणि मग दुसरी रचना वर येते. दोन सुरावटी एकाच वेळी वाजवण्याची पाश्चात्त्य संगीतातली पद्धत आहे, तिचं 'काँट्रापाँट' हे नाव त्यांच्या अनेक शीर्षकांत येतं.

याचाच दुसरा परिणाम असा की आगाम यांच्या कामाचा फोटो निरुपयोगी असतो. पुस्तकात फक्त एक कोन छापता येतो आणि त्या कोनातलं चित्र बरेचदा भिंतीवरच्या टाइल्ससारखं वाटतं. ज्यांना आगाम 'काही खास नाही' वाटतात त्यांनी बहुधा फोटोच पाहिलेले असतात.

7. अॅगॅमोग्राफ म्हणजे हेच का? जत्रेत मिळणाऱ्या देवांच्या हलत्या चित्रांसारखं?

तत्त्व तेच, बनावट वेगळी. अॅगॅमोग्राफ हे त्यांनी काढलेल्या छापील कामांचं नाव. त्यात अनेक चित्रांच्या बारीक पट्ट्या आलटून-पालटून छापलेल्या असतात आणि वर उभ्या दांड्यांचं पारदर्शक प्लास्टिक बसवलेलं असतं. प्रत्येक दांडी भिंगाचं काम करते आणि एका कोनातून एकच पट्टी दाखवते. कलवल्यावर गणपतीच्या जागी शंकर दिसणारं जे कार्ड गाडीच्या डॅशबोर्डवर असतं, ते याच जातीचं. फरक असा की कार्डात दोन चित्रांच्या मधली धूसर अवस्था हा दोष मानतात, आगाम यांना तीच हवी असते.

शाळेत मुलं जी कागदी घडी करतात तिलाही हल्ली हेच नाव पडलं आहे. काटेकोरपणे पाहिलं तर ती प्रश्न 6 मधल्या घडीच्या चित्रांची नक्कल आहे. पण नाव रुळलं आहे, त्याला आता इलाज नाही.

8. मुलीला शाळेतून अॅगॅमोग्राफ करून आणायला सांगितलाय. कसा करायचा?

दोन चित्रं, एक कार्डशीट, पट्टी, कात्री, गोंदाची कांडी. मापं अशी घेतलीत तर वाया जात नाहीत.

दोन्ही चित्रं ए-फोर कागदावर आडवी काढा आणि रुंदी बरोबर 28 सेंमी राहील अशी कापून घ्या. प्रत्येक चित्राच्या मागे 2 सेंमीच्या उभ्या रेघा मारा. चौदा पट्ट्या होतील. कापायच्या आधी मागे क्रमांक घाला: पहिल्या चित्राला अ-1 ते अ-14, दुसऱ्याला ब-1 ते ब-14. मागून क्रमांक घालताना डावं-उजवं उलटतं, म्हणून अ-1 ही पुढून पाहताना डावीकडची पट्टी आहे ना, हे कागद पालटून एकदा पाहा. नव्वद टक्के रडारड इथेच होते.

आता खाली लावायचा कागद 56 सेंमी रुंद हवा. दुकानातली 22 बाय 28 इंची कार्डशीट एका बाजूने नेमकी 56 सेंमी भरते. त्यावर 2 सेंमीच्या रेघा मारून पट्ट्या अ-1, ब-1, अ-2, ब-2 अशा क्रमाने चिकटवा. वाळू द्या. मग घड्या घाला: अ आणि ब यांच्यामधली रेघ वर उचललेली, ब आणि पुढच्या अ मधली आत दाबलेली. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने रेघेवर दाब दिलात तर धार सरळ येते.

शेवटची गोष्ट बहुतेक व्हिडिओंत सांगत नाहीत. घड्या काटकोनात उघड्या राहायला हव्यात. त्यासाठी 56 सेंमीची ही पट्टी सुमारे 40 सेंमी रुंदीत बसवून दोन्ही कडा मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा. जास्त ताणली तर दोन्ही चित्रं एकदम दिसतात, जास्त आवळली तर घडीने घडी झाकली जाते आणि चित्र अरुंद, तुटक दिसतं.

विषय कुठला? दिवस-रात्र, अंडं-पिल्लू ही नेहमीची. पण आगाम यांच्या जवळ जायचं असेल तर एकीकडे निळे-हिरवे चौकोन आणि दुसरीकडे लाल-पिवळे त्रिकोण काढा. मधून पाहताना जे दिसतं ते मुलीने ठरवलेलं नसतं, आणि तिला तेच जास्त आवडेल.

9. पण ही युक्ती आगाम यांनी शोधली असं म्हणणं बरोबर आहे का?

नाही. त्रिकोणी पट्ट्यांवर दोन चित्रं काढून डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरं दाखवायची हौस युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकापासून होती. तो दरबारी करमणुकीचा प्रकार होता. इकडून राजा, तिकडून राणी, मधलं कुणी पाहायचं नाही. आगाम यांनी त्यातली माणसं काढून टाकली आणि मधल्या अवस्थांना चित्राचा दर्जा दिला.

10. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात त्यांची खोली होती, हे खरं?

खरं आहे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांनी एलिसे राजवाड्यातल्या खासगी निवासाची एक बैठकीची खोली त्यांच्याकडे सोपवली. काम 1972 ते 1974 चाललं. भिंती घडीच्या चित्रांच्या, छत रंगीत, जमिनीवर त्यांनीच आखलेला गालिचा, दाराशी रंगीत पारदर्शक सरकते पडदे. म्हणजे एरवी चित्रापुढून चालायचं ते इथे चित्राच्या आत चालायचं. पाँपिदू एप्रिल 1974 मध्ये वारले आणि त्यांच्या जागी आलेल्या जिस्कार द'एस्तँ यांनी खोली काढून टाकली. ती आता पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. माझ्या मते आगाम यांचं हे सर्वांत धाडसी काम. राजवाड्यात राहणाऱ्याला रोज सकाळी तिथे चहा प्यावासा वाटेल का, ही गोष्ट निराळी.

11. तेल अवीवच्या डिझेनगॉफ चौकातल्या कारंज्यावर एवढं भांडण का?

कारंजं 1986 चं. नाव 'अग्नी आणि पाणी'. एकावर एक रचलेली दातेरी रंगीत चाकं फिरायची, पाण्याचे फवारे उडायचे, वरून ज्वाळा निघायच्या, सोबत संगीत. चाकांच्या दात्यांवरची रंगसंगती वाटेने जाणाऱ्याला दर वळणावर वेगळी दिसायची.

भांडण समजून घ्यायचं तर चौक आधी बघावा लागतो. 1930 च्या दशकात गेनिया आवेरबुख या वास्तुविशारद बाईंनी तो आखला: गोल चौक, भोवती गोलाई घेतलेल्या साध्या पांढऱ्या इमारती. अशाच वास्तूंसाठी तेल अवीवच्या 'पांढऱ्या शहरा'ला 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. 1978 मध्ये वाहतुकीसाठी चौक उचलून पुलासारखा वर नेला, खालून गाड्या. तो बदल लोकांना आवडला नव्हताच, आणि आठ वर्षांनी त्यावर हे इंद्रधनुषी यंत्र येऊन बसलं. पुलाचा राग बराचसा कारंज्यावर निघाला, असं मला वाटतं.

दुसरं कारण देखभाल. आग, पाणी आणि फिरती यंत्रणा एकत्र, तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत. मोठे काळ ते बंद पडून असायचं, रंग विटलेले. आगाम महापालिकेवर चिडलेले असत. 2016 मध्ये पूल पाडायला घेतला, कारंजं सुटं करून हलवलं आणि 2018 मध्ये जमिनीवर आलेल्या चौकात ते परत बसवलं. कारंजं परत नकोच, असं म्हणणारेही होते. पण ज्यांचं बालपण त्याच्या कडेला गेलं त्यांना ते हवं होतं.

12. एवढा धार्मिक घरातला माणूस, मग चित्रांत धर्म कुठे दिसत नाही?

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळीकडे आहे. ज्यू परंपरेत कोरीव मूर्तीला मनाई आहे. एकदा घडवली की बदलत नाही अशी प्रतिमा आगाम यांना त्या मनाईच्या कक्षेत येते असं वाटायचं. जगातलं वास्तव सतत घडत असतं, तेव्हा चित्रही थांबलेलं नसावं, आणि कुणालाही ते एका नजरेत संपूर्ण मिळू नये, अशी त्यांची मांडणी. हे सगळं मागाहून जोडलेलं तत्त्वज्ञान आहे असं काही समीक्षक म्हणतील. मला ते प्रामाणिक वाटतं, कारण 1953 पासून कामाची दिशा तीच आहे.

उघड धार्मिक कामही आहे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर 59 व्या रस्त्यापाशी हनुक्का सणात उभा राहणारा 32 फुटी दीपवृक्ष, मेनोरा, त्यांच्या आराखड्याचा आहे. त्याच्या फांद्या नेहमीसारख्या कमानदार नसून तिरक्या सरळ आहेत, मध्ययुगीन ज्यू पंडित मायमोनिडीस यांच्या रेखाटनाच्या आधाराने.

13. ज्यूंच्या नरसंहाराचं स्मारक इंद्रधनुष्याच्या रंगांत? हे शोभतं का?

न्यू ऑर्लिन्सला मिसिसिपीकाठच्या वोल्डेनबर्ग उद्यानात 2003 पासून उभं आहे, त्याबद्दलचा हा प्रश्न. अवघड आहे आणि रास्तही. तिथे नऊ उभे फलक आहेत. फिरता फिरता एका जागेवरून सहा टोकांची चांदणी जुळते, दुसऱ्या जागेवरून ती विस्कटते, कुठे राखाडी-काळं उरतं, कुठे रंग परत येतात. म्हणजे इथे रंग सजावटीचे नाहीत, ते नाहीसे होतात हेच सांगायचं आहे. पण त्यासाठी बघणाऱ्याने पूर्ण फेरी मारली पाहिजे. एकाच बाजूने फोटो काढून निघून जाणाऱ्याला ते उद्यानातलं रंगीत खेळणं वाटू शकतं, आणि स्मारकासाठी ही जोखीम मला जरा जास्त वाटते.

14. लहान मुलांसाठी त्यांची काही शिक्षणपद्धत आहे म्हणे?

आहे. अक्षर-अंक येण्याआधी मुलाला आकारांची भाषा यावी, ही कल्पना: वर्तुळ, चौकोन, आडवी-उभी-तिरकी रेघ, मग त्यांची जोडणी, मग पाहिलेला आकार आठवून काढणं. 1980 च्या दशकात इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी बालवाड्यांत ती वापरून पाहिली. 1996 मध्ये युनेस्कोने यासाठी आगाम यांना कोमेनियस पदक दिलं.

15. त्यांच्या कामाला किंमत काय येते?

न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात 2009 मध्ये 'फोर थीम्स काँट्रापाँट' 3,26,500 डॉलरला गेलं. पुढच्या वर्षी 'ग्रोथ' हे मोठं चित्र, जे 1980 च्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या प्रदर्शनात होतं, सुमारे 6,98,000 डॉलरला. अंदाज दीड ते अडीच लाखांचा होता. आकडे पाहून हुरळू नका. हे हाताने रंगवलेल्या एकमेव कामांचे भाव आहेत. प्रिंटांचा बाजार पूर्ण वेगळा आहे, तो पुढच्या प्रश्नात.

16. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आगाम यांचं सहीचं प्रिंट दिलंय. खरं आहे का आणि विकलं तर काय मिळेल?

खरं असू शकतं, कारण प्रिंटं भरपूर निघाली. आणि भरपूर निघाली म्हणूनच मोठी रक्कम धरू नका.

खालच्या कडेला पेन्सिलची सही आणि 45/180 अशा धर्तीचा आकडा असतो. पहिला प्रतीचा क्रमांक, दुसरा एकूण प्रती. आकड्याऐवजी 'ए.पी.' असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. सहीवर तिरका उजेड टाकून पेन्सिलची चमक आणि कागदावरचा दाब दिसतो का पाहा. मग भिंगातून रंग पाहा. स्क्रीनप्रिंटमध्ये रंग सलग, भरीव थरात दिसतो. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर, आणि सहीसुद्धा बहुधा छापलेलीच निघेल. सोबतचं प्रमाणपत्र हा पुरावा मानू नका, कागद कुणीही छापतो.

प्लास्टिकच्या दांड्यांचा अॅगॅमोग्राफ असेल तर उन्हात टांगू नका आणि काच पुसायचा स्प्रे त्यावर मारू नका. अमोनियाने अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. मऊ कोरडं फडकं पुरे.

17. घडीच्या चित्राची पद्धत वापरून मी काही बनवून विकलं तर कॉपीराइटचा भंग होतो का?

पद्धत कुणाच्या मालकीची नाही (प्रश्न 9 पाहा). घड्या घाला, स्वतःची चित्रं लावा, खुशाल विका. आगाम यांची विशिष्ट रचना उचलून छापली तर मात्र भंग होतो. भारतात चित्रावरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. आणि स्वतःच्या वस्तूवर 'आगाम' हे नाव मूळ काम असल्यासारखं लावू नका.

18. फक्त एक दिवस हाताशी आहे. कुठे पाहू?

इस्रायलमध्ये असाल तर रिशोन लेत्सियोनचं आगाम संग्रहालय. दाराबाहेरच रंगीत खांबांचं रान आहे, त्यातून वाट काढतच आत जावं लागतं. तिथून तेल अवीव जवळ आहे. संध्याकाळी डॅन हॉटेलची समुद्राकडची रंगवलेली बाजू किनाऱ्यावरून पाहून होते. जेरुसलेमला इस्रायल म्युझियममध्ये 1971 चं 'अठरा पातळ्या' हे शिल्प आहे. पॅरिसला ला देफाँस या भागात त्यांचं कारंजं आहे. एलिसेच्या खोलीसाठी मात्र आधी पाँपिदू सेंटरच्या संकेतस्थळावर पाहून जा, सेंटर 2025 मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, शिवाय संग्रहातलं काम दर वेळी मांडलेलं असतंच असं नाही.